साताऱ्याची गादी आणि रेसिडेंटची लेखणी

चाकणच्या कारखान्यांत पाळीला जाणारी आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मंडळी संग्रामदुर्गाच्या ढासळलेल्या तटाजवळून जात-येत असतील. हा भुईकोट इंग्रजांनी फेब्रुवारी १८१८ मध्ये घेतला. त्याच महिन्यात साताऱ्याचा किल्ला पडला आणि आष्टीच्या लढाईनंतर छत्रपती प्रतापसिंह पेशव्यांच्या छावणीतून इंग्रजांच्या हाती आले. चाकणचा मुलूख कंपनीने स्वतःकडे ठेवला; साताऱ्यास मात्र राज्य ‘परत’ देण्यात आले. मराठे सरदारांची मने पेशव्यांपासून तोडावीत, हा एल्फिन्स्टनचा त्यातील हिशेब होता.

हे देणे कसे होते, ते २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात पाहावे. गादी महाराजांची, पण बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करावयाचा तर तो इंग्रजांच्या मार्फत. १८२२ पर्यंत प्रत्यक्ष कारभारही कॅप्टन ग्रँट यांच्याच हाती होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ ते हेच.

प्रतापसिंह कर्तबगार निघाले. त्यांनी रस्ते केले, शहराला पाणी आणले. १८३५ मध्ये लंडनच्या संचालकांनी त्यांच्या कारभाराची प्रशंसा करून त्यांना तलवार देण्याचे ठरविले. आणि चारच वर्षांत हाच राजा राजद्रोही ठरला! मधल्या काळात जहागीरदारांवरील हक्कासाठी त्यांनी मुंबई सरकारशी वाद मांडला होता, हे विसरता येत नाही. कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितविले, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी कारस्थान केले, असे आरोप आले. रेसिडेंट ओव्हान्सने पुरावे जमविले. उघड चौकशी होऊन महाराजांना उत्तराची संधी मात्र मिळाली नाही. गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आला. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील, असे त्याचे म्हणणे. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले आणि धाकटे बंधू शहाजी गादीवर बसले. रंगो बापूजी गुप्ते धन्याची बाजू मांडण्यास लंडनला गेले व दशकाहून अधिक काळ तेथे झगडत राहिले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले.

एप्रिल १८४८ मध्ये शहाजीही वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तेव्हाचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांनी तो दत्तक ग्राह्य धरावा असे सरकारला लिहिले. डलहौसीने ते मानले नाही, राज्य खालसा झाले, आणि त्या मुलखाचे कमिशनर म्हणून नेमणूक झाली ती फ्रिअर यांचीच.