सरासरीचे दाखले आणि कॉलिन कौंटी

टेक्सासमध्ये डलासच्या उत्तरेला कॉलिन कौंटी आहे. प्लेनो, फ्रिस्को, ॲलन, मॅकिनी ही तिथली नावे आता पुण्यातल्या कितीतरी घरांत कोथरूड-बाणेरसारखी तोंडी बसली आहेत. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया सोडून तिकडे निघालेल्या कुटुंबाला सल्ला देणाऱ्यांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो, आणि तो इतक्या ठामपणे केला जातो की समोरच्याची शंका काढायची हिंमत होत नाही. त्याचे खंडन करायचे तर आधी तो नीट मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा: कुठे राहायला जायचे हे ठरवताना कौंटी पाहावी. तिथल्या घरांची मध्यम किंमत, बेकारीचा दर, शाळांचे गुण आणि राहणीमानाच्या क्रमवारीतले स्थान कळले की निर्णय झाला. कॉलिनचे सगळे आकडे या कसोटीला उतरतात. २००० साली ४ लाख ९१ हजार असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १० लाख ६४ हजारांवर गेली. टोयोटाने आपले उत्तर अमेरिकेचे मुख्यालय कॅलिफोर्नियातून हलवून २०१७ मध्ये प्लेनोत थाटले. ‘मनी’ मासिकाने २०१४ मध्ये मॅकिनीला आणि २०१८ मध्ये फ्रिस्कोला राहण्यासाठी देशात पहिला क्रमांक दिला. वर राज्याचा आयकर नाही. २०१९ च्या घटनादुरुस्तीने तर तो लावायलाच मनाई केली. यातले एकही विधान खोटे नाही. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

पहिला आक्षेप कौंटी या मापावरच आहे. तिथल्या घरमालकाला येणारे मालमत्ता कराचे बिल उघडून पाहावे. कौंटीचा स्वतःचा दर शंभर डॉलरमागे जेमतेम १५ सेंट असतो. शाळांचा कारभार पाहणारा स्कूल डिस्ट्रिक्ट एकटा डॉलरभर घेतो. मग शहर, मग कम्युनिटी कॉलेज. नव्या वसाहतीत त्यावर एमयूडी किंवा पीआयडी नावाची आणखी एक ओळ येते: रस्ते, नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकायला काढलेले कर्ज तिथल्या रहिवाशांकडून वर्षानुवर्षे वसूल करण्याची ही सोय. या सगळ्यांच्या हद्दी एकमेकींशी जुळत नाहीत. फ्रिस्कोचा मोठा भाग शेजारच्या डेंटन कौंटीत आहे. प्लेनोचा स्कूल डिस्ट्रिक्ट डलास आणि रिचर्डसन शहरांच्या काही भागांत शिरतो. एका गल्लीच्या दोन बाजूंना दोन वेगळी बिले येऊ शकतात. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ऐकले आहे. इथे भाताचा ढीग लांबून पाहून एका शिताची परीक्षा चालते.

‘मध्यम किंमत’ हा आकडा तर आणखी जपून वापरावा. घर कितीला विकले गेले हे सरकारदरबारी सांगण्याचे बंधन टेक्सासमध्ये नाही. त्यामुळे कर ठरवणारे अप्रेझल कार्यालय काय किंवा इंटरनेटवर घराचा भाव सांगणाऱ्या कंपन्या काय, दोघेही बऱ्याच अंशी अंदाज बांधत असतात.

आता आयकराकडे वळू, कारण पूर्वपक्षाचा सगळा जोर तिथे आहे. वर्षाला दीड लाख डॉलर मिळवणाऱ्या जोडप्याला कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर ढोबळमानाने सहा-सात हजार डॉलर पडतो. तो वाचला, हे खरे. पण कॉलिनमध्ये मालमत्ता कर घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातो. पाच लाखांच्या घरावर, राहत्या घराची सवलत वजा जाता, साडेआठ हजारांच्या घरात. कॅलिफोर्नियात १९७८ पासून मूळ दर एक टक्का आणि करपात्र किमतीची वार्षिक वाढ दोन टक्क्यांपर्यंत बांधलेली आहे. टेक्सासमध्ये स्वतःच्या राहत्या घरालासुद्धा ही मर्यादा दहा टक्के आहे. यावर कोणी म्हणेल, तेच घर कॅलिफोर्नियाच्या बे एरियात पाच लाखांना मिळेल का? नाही मिळणार, आणि हा मुद्दा मी मान्य करतो. न्यू जर्सीहून येणाऱ्याचा तर फायदा निर्विवाद आहे. तिथे आयकरही आहे आणि मालमत्ता करही जबर. माझा आक्षेप बेरजेपेक्षा कराच्या स्वभावाला आहे. आयकर मिळकतीबरोबर चढतो आणि मिळकत थांबली की थांबतो. मालमत्ता कराला तुमच्या नोकरीशी देणेघेणे नाही. ३१ जानेवारीच्या आत तो भरायचा म्हणजे भरायचा.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या कुटुंबासाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नोकरी गेली तर नवी शोधायला त्याच्या हाती जास्तीत जास्त साठ दिवस असतात. कौंटीचा बेकारीचा दर त्याला काय सांगणार? त्याने विचारायला हवे की घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत व्हिसा मिळवून देणाऱ्या कंपन्या किती आहेत आणि त्या एकाच धंद्यातल्या तर नाहीत ना. प्लेनोचीच उदाहरणे घ्या. रॉस पेरो यांनी उभारलेली ईडीएस २००८ मध्ये एचपीने विकत घेतली. जेसी पेनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. या काळात कौंटी वाढतच राहिली. ज्यांचे पगार त्या इमारतींतून निघत होते, त्यांची गोष्ट वेगळी.

नव्या घराच्या बाबतीत एक खाचखळगा असा आहे की तो कुठल्याच क्रमवारीत दिसत नाही. टेक्सासमध्ये कराची किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते. समजा, त्या दिवशी प्लॉटवर फक्त पायाचा स्लॅब होता, आणि तुम्ही ऑगस्टमध्ये पाच लाखांच्या तयार घरात राहायला आलात. त्या वर्षीचे बिल येते मोकळ्या जागेचे. सव्वा लाखावर दोन टक्के धरले तर अडीच हजार. बँक त्याच आधाराने दरमहा एस्क्रो, म्हणजे करासाठी बाजूला ठेवायची रक्कम, कापते, हप्ता आवाक्यातला वाटतो, गृहप्रवेशाचे फोटो गावी जातात. पुढच्या वर्षी पूर्ण घराचे बिल लागते. मग महिन्याचा हप्ता पाचशे डॉलरनी चढतो आणि मागची तूट भरून काढायला बँक आणखी काही मागते. जुन्या घरात हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने होते: आधीच्या मालकाला दहा टक्क्यांच्या मर्यादेचे संरक्षण असते, खरेदी झाली की ते संपते आणि किंमत नव्याने बाजारभावाला लागते. म्हणून विकणाऱ्याचे बिल पाहून आपले बिल मांडू नये. व्याजदराचे गणित सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आकडा सांगतो. तीस वर्षांचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९. चार लाखांच्या कर्जाचा हप्ता १,६१२ वरून २,८७७ डॉलर. तेच घर, तीच कौंटी.

पायाखालच्या मातीबद्दल तर कोणी बोलतच नाही. कॉलिन ‘ब्लॅकलँड प्रेअरी’वर वसले आहे. मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या माणसाला ही माती ओळखायला भूवैज्ञानिक लागत नाही: आपल्या रेगुराच्याच कुळातली, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. फरक इतकाच की आपण तिच्यात कापूस पेरतो आणि तिथे तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब ओतून दुमजली घर उभे करतात. माती आकसली की स्लॅब एका बाजूने खचतो. मग दारे अडकू लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. म्हणून तिथले जाणते लोक उन्हाळ्यात घराच्या कडेने झिरपणारा पाइप टाकून मातीला, पिकाला द्यावे तसे पाणी देतात. मातीच्या हालचालीने पाया बिघडला तर घराचा विमा सहसा हात वर करतो. पाण्याचीही हमी नाही. गेल्या दशकातल्या दुष्काळात अंगणाला पाणी घालण्यावर कडक बंधने आली होती. २०२३ मध्ये बो डार्क तलावाचे पाणी मिळू लागले ते याच भागाच्या तहानेसाठी. गारपिटीची बाबही याच वर्गातली. छताच्या नुकसानीत पहिला वाटा तुमचा, आणि तो बहुधा घराच्या विमा-रकमेच्या टक्क्यात असतो.

‘पण कौंटी वाढतेय ना!’ हे पूर्वपक्षाचे शेवटचे अस्त्र. याच कौंटीतले प्रिन्स्टन २०२३-२४ मध्ये देशात सर्वात वेगाने वाढणारे शहर ठरले, लोकसंख्यावाढ ३०.६ टक्के. आकडेशास्त्राच्या दृष्टीने याहून चांगले प्रशस्तिपत्र नाही. प्रत्यक्षात रस्ते, पाणी आणि पोलीस यांचा मेळ बसेना म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये शहराने नव्या निवासी बांधकामाचे अर्ज घेणेच थांबवले. त्याच वर्षी दक्षिणेकडे प्लेनोच्या स्कूल डिस्ट्रिक्टने मुले कमी झाल्यामुळे चार शाळा बंद करण्याचा ठराव केला. एका टोकाला नवी मुले येतात आणि दुसऱ्या टोकाला वर्ग रिकामे होतात. दोन्हींची सरासरी काढली की चित्र छान दिसते.

एक रास्त शंका उरते: इतकी चौकशी करायला वेळ कुठे असतो, चांगले घर दोन दिवसांत जाते. त्यावर टेक्सासच्या प्रमाणित करारातच उपाय आहे. थोडी रक्कम भरून खरेदीदाराला ‘ऑप्शन पिरियड’ घेता येतो, बहुधा आठवडा-दहा दिवसांचा. त्या मुदतीत कारण न देता करार मोडता येतो. पाया तपासायला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायला, अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या खुल्या नोंदींतून त्याच घराच्या कराची ओळन्‌ओळ वाचायला आणि शाळेची हद्द डिस्ट्रिक्टकडूनच लेखी घ्यायला एवढे दिवस पुरतात. मात्र बिल्डर स्वतःचे करारपत्र पुढे करतो आणि त्यात ही मुदत सहसा नसते. तिथे ही सगळी विचारपूस सहीच्या आधीच उरकावी लागते.