चांदमारी : छावणीतून शाळेत

नागपूरच्या ईशान्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी कामठी आहे. इंग्रजांनी १८२१ मध्ये इथे छावणी वसवली आणि तिच्याभोवती गाव वाढलं. छावणी म्हटली की चांदमारी आलीच. मातीचा उंच बांध, त्यापुढे फळी आणि फळीवर गोल खूण. ती खूण म्हणजे चांद. त्याला मारायचं म्हणून चांदमारी. छावणीच्या गावातल्या पोरांना ही जागा फक्त कानानं ठाऊक असते. आवाज ऐकायचा, आत जायचं नाही.

आत न जाण्याला कायद्याचंही कारण होतं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना; युरोपीयांना मात्र सूट होती. बापानं मुलाला नेम धरायला शिकवावं, ही गोष्ट मग मुख्यतः संस्थानिकांच्या वाड्यात आणि शिकारीच्या मचाणावर उरली. बिकानेरच्या महाराजा करणीसिंहांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. त्यांची कन्या राज्यश्री हिला शाळकरी वयातच, १९६८ मध्ये, नेमबाजीचा अर्जुन पुरस्कार मिळाला. वडिलांना तो १९६१ मध्येच मिळाला होता. बाप-लेकीची ही जोडी कौतुकाचीच, पण तिच्या पाठीशी राजवाडा होता.

साध्या घरातल्या मुलांच्या हाती रायफल आली ती बरीचशी एनसीसीमुळे. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुलींसाठीही. या छात्रांना शिकवणार कोण? शाळा-कॉलेजातले शिक्षकच! त्यांना एनसीसी अधिकारी म्हणून तयार करणारी प्रबोधिनी आहे ती आपल्या कामठीत. एरवी वर्गात खडू धरणारे गुरुजी इथे येतात, गणवेश चढवतात, कवायत आणि रायफल शिकतात आणि परत आपल्या शाळेत जातात. कामठीच्या इतिहासात लढायांचं खूप लिहिलं जातं. या गुरुजींची दखल कोणी फारशी घेत नाही.

ते शिकवतात काय? मूल पॉइंट टू-टू रायफल घेऊन पालथं झोपतं. पाच गोळ्या. पहिल्या दिवशी मधला ठिपका फोडला की नाही, हे बघतच नाहीत. पाचही भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघतात. त्याला ग्रुपिंग म्हणतात. पाचही एका जागी, पण ठिपक्यापासून लांब पडल्या तर दुरुस्ती सोपी. रायफलीचं निशाण थोडं सरकवलं की झालं. विखुरल्या तर मात्र श्वास, खांदा नाहीतर चाप ओढणारं बोट चुकतं आहे. अशा वेळी चूक रायफलीवर ढकलता येत नाही. आणि या सगळ्याआधीचा धडा म्हणजे नळी कायम चांदाकडे, आणि काम झालं की रायफल रिकामी करून दाखवायची.

घराघरात बंदुकीची भीती असते आणि ती गैर नाही. स्वतंत्र भारताच्या कायद्यानंही ती ओळखली. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत बारा वर्षांपुढच्या मुलाला सरावाची मुभा मिळाली, पण मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच. म्हणजे मूल एकटं नेमबाज होऊच शकत नाही. मागे कोणी तरी उभं हवं. भारतीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. आजही नवोदितांना राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता धरायचा तर बहुधा 'मावळंकर' खेळावी लागते. नाव मराठी आहे, हे खेळणाऱ्या पोरांनाही अनेकदा ठाऊक नसतं.

एनसीसीच्या वाटेनंच मुंबईच्या कीर्ती कॉलेजातून अंजली भागवत या खेळात आल्या आणि २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. आता नागपूरकडून थेट कोल्हापूरकडे वळू. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. तिथले सुरेश कुसाळे हेही शिक्षकच. २००९ मध्ये त्यांनी मुलाला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. नेमबाजी हा काडतुसांचा, म्हणजे पैशांचा खेळ; एकदा त्यांनी काडतुसांसाठी कर्जही काढलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नीलनं पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधे बहात्तर वर्षं गेली.