अँथनी (नाव)

अँथनी हे पुरुषांचे व्यक्तिनाव प्राचीन रोममधील 'आंतोनियुस' या लॅटिन नावावरून आले आहे. गोवा, वसई, मुंबई व नवी मुंबई येथील ख्रिस्ती समाजात ते आंतोनियो, आंतोन, अँथनी आणि अँटनी अशा रूपांत आढळते. 'टोनी' हे त्याचे लघुरूप होय.

व्युत्पत्ती

'आंतोनियुस' हे मुळात कुलनाम होते. रोमन सेनानी मार्क अँटनी (इ.स.पू. ८३–३०) याच कुळातला. नावाचा अर्थ निश्चित नाही. ते इट्रुस्कन भाषेतून आले असावे, असा एक तर्क आहे. बाळांच्या नावांच्या पुस्तकांत 'फूल' हा अर्थ सर्रास दिला जातो, पण त्याला आधार नाही. प्रबोधनकाळात या नावाचा संबंध 'अँथोस' (फूल) या ग्रीक शब्दाशी जोडला गेला आणि त्या समजुतीतून इंग्रजी लेखनात 'एच' हे अक्षर शिरले. ब्रिटिश उच्चारात 'ट' कायम राहिला. मराठीतील 'थ' मात्र या चुकीच्या व्युत्पत्तीचीच खूण आहे.

गोवा व महाराष्ट्रातील प्रसार

हे नाव पोर्तुगीजांबरोबर आले. लिस्बन येथे जन्मलेले आणि पादुआ येथे १३ जून १२३१ रोजी निधन पावलेले संत अँथनी हे त्याच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण होय. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव फेर्नांदो होते; 'आंतोनियो' हे नाव त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश करताना घेतले. जेझुइट धर्मगुरू आंतोनियो द साल्दान्य यांनी त्यांचे चरित्र लिहिले. ते १६५५ मध्ये गोव्यात छापले गेले असून त्यात मराठी पद्य व कोकणी गद्य आहे. अ. का. प्रियोळकर यांनी ते 'सांतु आंतोनीची जीवित्वकथा' या नावाने संपादित केले. शीर्षकातील 'आंतोनीची' हे रूप पाहता, परके नाव तोवर मराठी विभक्तिप्रत्यय सहज घेऊ लागले होते, असे दिसते. बार्देशातील शिवोली येथील चर्च याच संतांना समर्पित आहे.

लेखनभेद

'त' असलेली रूपे पोर्तुगीज परंपरेतील, तर 'थ' असलेले रूप इंग्रजी लेखनातून आलेले आहे. केरळमधून आलेल्या कुटुंबांत 'अँटनी' रूढ आहे. माजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांचे नाव मराठीत असेच लिहितात. गोव्यातील पोर्तुगीजकालीन नोंदींत 'आंतोनियो' आणि नंतरच्या इंग्रजी कागदपत्रांत 'अँथनी' अशी एकाच व्यक्तीची नोंद असल्यास वारसा किंवा जन्मदाखल्याच्या कामी दोन्ही नावे एकाचीच असल्याचे सिद्ध करावे लागते.

लोकप्रिय संस्कृती

'अमर अकबर अँथनी' (१९७७) या हिंदी चित्रपटातील अँथनी गोन्साल्विस या पात्राला माजोर्डा (गोवा) येथील त्याच नावाच्या संगीत संयोजकाचे नाव देण्यात आले. ते संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू होते.