थंडीत सायकल जपताना : भंडारदऱ्यापासून लडाखपर्यंत

अकोले तालुक्यातील भंडारदरा पावसाळ्यातील धबधब्यांसाठी आणि मे-जूनमधील काजव्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावे वसलेली आहेत. या गावांना जोडणारा चढ-उतारांचा रस्ता माउंटन बाइक चालविणाऱ्यांना हिवाळ्यात विशेष खुणावतो. मात्र, पहाटेच्या गारठ्यात चालकाइतकीच त्याच्या सायकलचीही परीक्षा होते. घाट उतरताना ब्रेक किंवा गिअर रुसला, तर ती गैरसोय न राहता अपघाताचे कारण ठरू शकते.

थंडीपेक्षा ओलावा घातक

भंडारदऱ्याचा हिवाळा हिमालयासारखा नाही. तरीही निरभ्र, वाराविरहित रात्री जमीन आणि धातू आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडतात. जड झालेली थंड हवा उतारांवरून खाली सरकून दरीत साचते. उघड्यावर ठेवलेल्या सायकलची दांडी त्यामुळे सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव जमते. हवेचे तापमान शून्याच्या काही अंश वर असतानाही असे दव गोठू शकते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात कडाक्याच्या थंडीत दिसणारे हिमकण याच प्रक्रियेतून तयार होतात.

सायकलचे बहुतेक सुटे भाग कोरड्या थंडीला सहज तोंड देतात. अडचण होते ती त्यांच्यात शिरलेल्या पाण्याची आणि घट्ट झालेल्या वंगणाची. म्हणूनच हिवाळ्यातील देखभालीचे पहिले सूत्र म्हणजे सायकल धुतल्यानंतर ती पूर्ण वाळवावी आणि रात्री आडोशाला ठेवावी. मात्र, गोठलेली सायकल एकदम उबदार खोलीत आणल्यास तिच्यावर पाणी सुटते. ती न पुसता पुन्हा बाहेर काढल्यास तेच पाणी केबलमध्ये आणि खटक्यांमध्ये गोठते. थंड पण कोरडी पडवी त्यापेक्षा बरी.

केबल, चेन आणि फ्रीहब

गिअर आणि ब्रेकच्या तारा प्लॅस्टिकच्या आवरणातून सरकतात. आवरणाच्या टोकाशी पाणी शिरून गोठले की तार जागीच अडकते आणि गिअर बदलत नाही. हिवाळ्यापूर्वी जुन्या, गंजलेल्या तारा बदलाव्यात आणि आवरणांच्या टोकांना व्यवस्थित टोप्या बसवाव्यात. आत जाड ग्रीस भरण्याचा मोह टाळावा. ते थंडीत चिकट होऊन तारेलाच अडवते. पातळ तेलाचे दोन-चार थेंब पुरेसे होतात.

चेनला तेल लावण्यापूर्वी ती फडक्याने स्वच्छ पुसावी. तेल आत मुरल्यानंतर बाहेरचे जादा तेल पुन्हा पुसून काढावे, अन्यथा त्यावर धूळ बसून दातेरी चक्रे झिजतात.

मागच्या चाकातील फ्रीहब हा सर्वांत दगाबाज भाग. त्यात बारीक स्प्रिंगवर उघडमीट करणारे छोटे खटके असतात. जाड ग्रीस थिजले किंवा आत पाणी गोठले, की खटके उघडत नाहीत. पॅडल फिरते, पण चाक फिरत नाही. चढावर भर देत असताना असे झाल्यास चालकाचा तोल जातो. या भागात उत्पादकाने सुचविलेले पातळ वंगणच वापरावे.

ब्रेकचा द्रव ओळखावा

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन प्रकारचे द्रव वापरले जातात. शिमानोचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, तर स्रॅमच्या अनेक ब्रेकमध्ये डॉट प्रकारचा द्रव असतो. तीव्र थंडीत खनिज तेल दाट होऊन दट्टे संथपणे परततात. डॉट द्रव अधिक थंडी सोसतो. परंतु तो हवेतील ओलावा शोषत असल्याने ठरावीक काळाने बदलावा लागतो. एकाच्या जागी दुसरा द्रव कधीही भरू नये. रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात. डिस्कवर किंवा रिमवर दव वा बर्फ असल्यास सुरुवातीला पकड मिळत नाही. त्यामुळे उतार लागण्यापूर्वी सपाटीवर दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून पृष्ठभाग कोरडा करून घ्यावा. डिस्कला तेलाचा हात मात्र लागू देऊ नये.

हवेचा दाब

थंडीत हवा आकुंचन पावते. २५ अंश सेल्सिअसला टायरमध्ये ४० पीएसआय दाब भरला असेल, तर शून्य अंशाला तो सुमारे ३५ पर्यंत उतरतो. म्हणून दाब घरात न तपासता, सायकल बाहेरच्या तापमानाला आल्यावर तपासावा. हवेवर चालणाऱ्या पुढील शॉकअॅब्सॉर्बरलाही हाच नियम लागू पडतो. शिवाय त्यातील तेल दाटल्याने तो ताठर वाटतो. पंक्चरचे सोल्युशन थंडीत लवकर वाळत नाही, त्यामुळे सोबत जादा ट्यूब असणे श्रेयस्कर.

हिमालयाची तयारी

महाराष्ट्रातील अनेक सायकलस्वार मनाली-लेह मार्गावर जातात. तेथील तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे आणि उन्हाळ्यातही तेथे बर्फ पडू शकतो. भंडारदऱ्यात क्वचित जाणवणाऱ्या अडचणी तेथे नेहमीच्या होतात. एवढ्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. परिणामी टायरचा दाब मोजमापात ७ पीएसआयपर्यंत वाढतो आणि थंडीने झालेली घट काही अंशी भरून निघते. दिव्यांच्या लिथियम बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात. त्या रात्री अंगाजवळ ठेवाव्यात आणि शून्याखालील तापमानात चार्ज करू नयेत.

केबल वाटेत गोठलीच, तर तिच्यावर उकळते पाणी ओतू नये. तेच पाणी पुन्हा गोठते. हाताची ऊब देऊन, लिव्हर हळूहळू हलवून ती मोकळी करावी. तोवर सोपा गिअर लावून चालता येते. परंतु ब्रेकची खात्री पटेपर्यंत उतारावर सायकल हाताने ढकलत नेणेच शहाणपणाचे.