खुणा पुसण्याची रीत

नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैल सिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज ऑटो कारखान्याचं उद्घाटन झालं. कारखान्यामागून सुटे भाग पुरवणारी युनिटं आली, त्यांच्यामागून कामगार आले आणि एमआयडीसीला लागून बजाजनगर वसलं. गाडी लाईनवरून उतरण्याआधी तिच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर नंबर ठोकला जातो, हे या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२२व्या नियमाने ते बंधनकारकच आहे. जुनी गाडी घेताना पेन्सिल घासून चेसी नंबरचा ठसा कागदावर उतरवतात, तो हाच. या नंबराने गाडीचा वेग वाढत नाही की ॲव्हरेज सुधारत नाही. पण पुढे कधी गाडी चोरीला गेली, किंवा एखाद्या बॅचचा भाग सदोष निघाला, की सगळा शोध त्याच्यापासून सुरू होतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं आणि इंजिनाशेजारी ईसीयू नावाची छोटी पेटी बसली. इंधन किती आणि कधी सोडायचं हे त्या पेटीतलं सॉफ्टवेअर ठरवतं. वाळूजच्या लाईनवर आता लोखंडाइतकंच सॉफ्टवेअरही बसतं. आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशी खूण जपायची की पुसायची, हा वाद वाळूजच्या कारखान्याहून जुना आहे.

प्रोग्रामर सी भाषेत लिहितो ते माणसाला वाचता येतं. कंपायलर त्याचे यंत्राला कळणारे आकडे करतो, आणि या प्रवासात फंक्शनच्या आतल्या चलांची नावं आणि ओळींचे क्रमांक गळून पडतात. कंपायलरला ‘जी’ हा पर्याय दिला की तो आकड्यांसोबत एक कोष्टकही लिहितो: ही सूचना अमुक फाईलच्या अमुक ओळीतून आली, हे चल या क्षणी तमुक रजिस्टरमध्ये आहे. हीच डीबग माहिती. ती नसेल तर प्रोग्राम कोसळल्यावर हाती येते ती पत्त्यांची रांग, फार तर फंक्शनची नावं. लायब्ररीच्या बाबतीत हे अधिक जाचतं. लायब्ररी एक जण बांधतो आणि ती हजारोंच्या प्रोग्राममध्ये जाऊन बसते. बिघाड दिसतो परक्याच्या यंत्रावर, आणि बांधणाऱ्याने ‘जी’ दिला होता की नाही, यावर त्या परक्याची अख्खी रात्र अवलंबून असते.

सुरुवात पुसण्यापासून झाली. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्याच पुस्तिकेत ‘स्ट्रिप’ नावाची आज्ञा आहे. तयार प्रोग्राममधली नावांची यादी काढून टाकायची आणि जागा वाचवायची, एवढंच तिचं काम. पीडीपी-११ सारख्या यंत्राची डिस्क तेव्हा अडीच एमबीच्या घरातली असे, त्यामुळे त्या काळात ते शहाणपणाचंच होतं. पुढे बर्कली विद्यापीठात पीटर केसलर यांनी पास्कल भाषेच्या डीबगरसाठी, म्हणजे चूक शोधायच्या साधनासाठी, डीबग माहिती लिहिण्याची ‘स्टॅब्स’ ही पद्धत काढली. १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी हा डीबगर लिहिला, पुढच्या वर्षी जीसीसी कंपायलर आला आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या दुनियेत ‘स्टॅब्स’ रुळली. बेल लॅब्सच्या युनिक्समधून ‘ड्वार्फ’ ही अधिक शिस्तीची पद्धत आली. तिची दुसरी आवृत्ती १९९३ ची, पाचवी २०१७ ची. जीसीसीने २०२३ च्या तेराव्या आवृत्तीत ‘स्टॅब्स’ला रजा दिली.

डिस्क मोठ्या झाल्या तरी ‘स्ट्रिप’ची सवय सुटली नाही. त्यालाही कारण होतं: डीबग माहिती मूळ लायब्ररीच्या कित्येक पट भरू शकते, आणि शंभरातल्या नव्वद लोकांना ती कधीच लागत नाही. पण उरलेल्या दहांना लागते तेव्हा दुसऱ्या कशानेच भागत नाही.

खुणा जपण्याच्या या कामात महाराष्ट्राचा हात आहे, आणि त्याची नोंद मराठीत फारशी झालेली नाही. रवी पंडित आणि किशोर पाटील यांच्या पुण्यातल्या केपीआयटीने, केपीआयटी कमिन्स या नावाच्या काळात, हिताचीच्या आणि २००३ नंतर रेनेसासच्या एसएच व एच८ मायक्रोकंट्रोलरसाठी जीएनयू टूलचेन बांधून जगाला फुकट दिली. तिच्यात जीसीसी, जीडीबी आणि लहान यंत्रांसाठीची न्यूलिब ही सी लायब्ररी असे. चिप मुळातच छोटी, म्हणून या धंद्याने आपली वेगळी रीत घालून घेतली. चिपमध्ये जाते ती फक्त हेक्स किंवा एस-रेकॉर्ड फाईल. डीबग माहितीसकट असलेली ईएलएफ फाईल बांधणाऱ्याच्या संगणकावरच राहते. खुणा पुसल्या जात नाहीत, वेगळ्या ठेवल्या जातात. मात्र शेतावर, रस्त्यावर, कारखान्यात चालणाऱ्या चिपमध्ये नेमकी कोणती आवृत्ती आहे आणि तिची ईएलएफ कुठे आहे, हे सापडलं नाही तर सगळं मुसळ केरात. पुन्हा बांधून घेऊ म्हटलं तर कंपायलरची आवृत्ती बदललेली असते, एखादा पर्याय वेगळा पडतो, पत्ते सरकतात आणि नवं कोष्टक जुन्या प्रोग्रामला लागू पडत नाही.

लिनक्सवाल्यांनाही हाच खड्डा लागला. डीबग माहिती वेगळ्या फाईलमध्ये काढायची सोय होती, पण जोडी जुळवायची ती फाईलच्या नावावरून आणि एका छोट्या चेकसमवरून. २००७ मध्ये रोलंड मॅकग्रा यांच्या कामातून ‘बिल्ड-आयडी’ आला. लिंकर प्रोग्राम जोडतानाच त्यातल्या मजकुरावरून साधारणपणे ४० अक्षरांचा क्रमांक काढतो आणि आतच लिहून ठेवतो. ‘स्ट्रिप’ केल्यावरही तो टिकतो, वेगळ्या काढलेल्या डीबग फाईलमध्येही तोच असतो. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ८व्या आवृत्तीने त्याच वर्षी तो सगळीकडे लावला. या अर्धशतकातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच म्हणावी लागेल, कारण ठेवायचं की टाकायचं या पेचातून तिने वाट काढली: वेगळं ठेवा, हवं तेव्हा क्रमांकावरून आणा.

पुण्याच्या मगरपट्ट्यात फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीचं मोठं कार्यालय आहे. नेमक्या जोडीची ही गरज तिथेही भासते: कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळल्यावर स्मृतीची जी प्रत उरते ती ‘क्रॅश’ या साधनात उघडायची, तर त्याच आवृत्तीच्या कर्नलची डीबग माहिती लागते. जवळपासची चालत नाही. याच कार्यालयात ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर काम केलेले सिद्धेश पोयरेकर यांनी २०१७ मध्ये तिच्या २.२५ आणि २.२६ या आवृत्त्यांची जबाबदारी सांभाळली. ग्लिबसीचं उदाहरण बोलकं आहे. स्मृतीतल्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड हे साधन डेबियन या लिनक्स वितरणावर चालवताना ग्लिबसीचं डीबग पॅकेज नसेल, तर ते सुरुवातीलाच थांबून तेच पॅकेज मागू शकतं, कारण लोडरमधली काही फंक्शनं त्याला नावानिशी लागतात.

डेबियनमध्ये अशी पॅकेजं पूर्वी प्रत्येक देखभालकर्ता आठवणीने हाताने बनवी. विसरला तर नाही. डिसेंबर २०१५ पासून ती आपोआप बनू लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये एल्फयूटिल्स या साधनसंचाच्या ०.१७८ आवृत्तीत ‘डीबगइन्फोडी’ हा सर्व्हर आला. आता जीडीबी बिल्ड-आयडी सांगतो आणि सर्व्हर नेमकी तीच माहिती पाठवतो. फेडोरा ३५ पासून ही सोय मुळातच चालू असते.

वाद मात्र संपलेला नाही. रस्ट भाषेची प्रमाण लायब्ररी आधीच बांधून आणि डीबग माहितीसकट मिळते. त्यामुळे दोन शब्द छापणारा प्रोग्रामही लिनक्सवर ४ एमबीपेक्षा मोठा निघे आणि नवखे लोक तक्रार करत. मार्च २०२४ च्या १.७७ आवृत्तीपासून कार्गो हे रस्टचं बांधणीचं साधन रिलीज बांधणीत ही माहिती अंतिम प्रोग्राममधून आपोआप काढतं आणि आकार अर्ध्या एमबीच्या आत येतो. लायब्ररी स्वतः अजूनही खुणांसकटच दिली जाते, आणि ते योग्यच झालं: बांधणाऱ्याने दिलेली माहिती वापरणाऱ्याला काढता येते, न दिलेली घालता येत नाही. ज्याला ओळींचे क्रमांक हवे असतील त्याने कार्गोच्या फाईलमध्ये डीबगची एक ओळ लिहायची, की ते पुन्हा दिसू लागतात.