घरभाडं वाढलं? खोली सोडण्याआधी आधी कागद बघा

जून आला की तालुक्याच्या गावात खोल्यांना मागणी वाढते आणि घरमालकही भाडं वाढवतात. "पुढच्या महिन्यापासून पाचशे जास्त, नाहीतर खोली खाली करा," असं तोंडी सांगितलं जातं. रोजंदारीवर किंवा दुकानात कामाला जाणारा माणूस घाबरून हो म्हणतो, नाहीतर सामान उचलतो. पण वाढ किती आणि कधी करायची, हे तुमच्या हातात कोणता कागद आहे त्यावर ठरतं.

लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर
करारात लिहिलेलं भाडं मुदत संपेपर्यंत कायम. मधेच वाढ मागितली तर करार दाखवा. ११ महिन्यांनी १० टक्के वाढ असं लिहिलं असेल तर ३,००० चे ३,३०० होतील, त्यावर नाही. मुदत संपल्यावर मात्र मालक नवीन भाडं सांगू शकतो. मुदत संपूनही राहिलात तर दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. म्हणून बोलणी दोन महिने आधीच करा.

जुने भाडेकरू असाल तर
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. म्हणजे ३,००० वर १२० रुपये. भाडं थकलं तरी लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस होईपर्यंत त्या कारणाने दावा लावता येत नाही. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. भाडं वाढवून घेण्यासाठी पाणी, लाईट तोडता येत नाही. तोडल्यास कोर्टात दाद मागता येते.

कायदा लागू नसलेल्या गावात
हा कायदा सरकारने ठरवलेल्या भागांनाच लागू आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे वकिलाला विचारून घ्या. येत नसेल आणि करारही नसेल, तर महिन्याच्या भाडेकरूला खोली खाली करायला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते.

नुसत्या नोटरीवर थांबू नका
कायदा लागू असलेल्या भागात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने द्यायचा.

आजच करायच्या गोष्टी
- भाडं ऑनलाईन द्या. रोख दिलं तर पावती घ्या, किमान वहीत सही घ्या.
- शेजारच्या तशाच दोन-तीन खोल्यांचं भाडं विचारून मगच मालकाशी बोला.
- एकदम पाचशे झेपत नसतील तर आता दोनशे, सहा महिन्यांनी बाकीचे, असं मागा. ठरलं ते लिहून घ्या.
- डिपॉझिट, लाईट बिल, पाणीपट्टी कोणाकडे, हेही त्यातच लिहा.
- वादात भाडं बंद करू नका. तसं केलं तर आपलीच बाजू कमजोर होते.

प्रकरण वाढलं तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची अट आहे. हेल्पलाईन : १५१००.