बुधवारवाड्याच्या आगीचे कागद

शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी, १३ मे १८७९ च्या रात्री, दुसऱ्या बाजीरावाचे दोन वाडे एकदमच पेटले. त्याची आठवण मात्र शहराने फारशी ठेवलेली नाही. विश्रामबागवाडा निम्माशिम्मा वाचला आणि आज बाजीराव रस्त्यावर उभा आहे. बुधवारवाडा समूळ गेला. फरासखान्यापाशी उभे राहून तो कुठे होता असे विचारले, तर बहुतेक जण विश्रामबागेकडे बोट दाखवतात.

पहिला कागद सरकारी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा अठराव्या खंडाचा तिसरा भाग १८८५ साली छापला गेला, म्हणजे आगीनंतर सहाच वर्षांनी. लिहिणाऱ्यांच्या हाताशी दप्तरे होती, त्यामुळे इमारतींच्या बाबतीत हा साक्षीदार भरवशाचा. बुधवारवाडा पूर्ण जळाला, विश्रामबागेचा दर्शनी भाग गेला आणि तो पुढे लोकवर्गणी व नगरपालिकेची मदत यांतून पुन्हा उभारला, एवढे पक्के धरायला हरकत नाही. बुधवारवाड्यात तेव्हा पेशव्यांचे काहीच उरले नव्हते. तिथे सरकारी कामकाज चाले, शिक्षणखात्याचे पुस्तकभांडार होते आणि १८४८ साली सुरू झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, तिथलीच. जळाले ते राजवैभव नव्हे, कागद आणि पुस्तके.

दुसरा पुरावा जमिनीचा, आणि तो आजही चालून तपासता येतो. फरासखान्याकडून विश्रामबागेकडे निघा. वाटेत बेलबाग लागते, मग तुळशीबाग. दोन्ही पेशवाईतली देवस्थाने, भोवती तेव्हा लाकडी वाड्यांची दाटी. एका वाड्याची ठिणगी वाऱ्याने दुसऱ्यावर गेली असती, तर आधी ही मधली वस्ती पेटायला हवी होती. नोंद आहे ती दोन टोकांच्या दोन वाड्यांची. तेव्हा आग आपोआप पसरली नाही, दोन्ही ठिकाणी ती कोणीतरी लावली, हा निष्कर्ष मला तरी टाळता येत नाही.

कोणी लावली? त्या मे महिन्यात सरकारपुरते उत्तर तयार होते. फेब्रुवारीत धामारीच्या दरोड्यापासून वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड सुरू झाले होते. आगीच्या दोन-तीन दिवस आधीच फडक्यांचा साथीदार दौलतराव नाईक याच्या टोळीने पनवेलजवळ पळस्पे लुटले होते. फडके स्वतः लष्करी हिशेब खात्यातले कारकून, पुण्यातच राहिलेले. संशयाला एवढे पुष्कळ झाले.

इथे एक मोहात पाडणारा कागद आहे, फडक्यांची आत्मकथा. तिचा इंग्रजी अनुवाद मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात छापला. त्यात आगीचा कबुलीजबाब नाही, म्हणून फडके निर्दोष, असे सांगणारे भेटतात. पण ही आत्मकथा श्रीशैल-मल्लिकार्जुनाला एप्रिल १८७९ मध्ये लिहिलेली आहे. मेमधल्या आगीबद्दल ती काय बोलणार? तिच्या मौनाला पुरावा म्हणून काडीचे मोल नाही. मोल आहे ते खटल्याला. जुलैत फडके पकडले गेले, नोव्हेंबरात पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. आरोप राणीविरुद्ध युद्ध आणि दरोड्यांचे. वाडे जाळल्याचा आरोप त्यांत नव्हता. जो सरकारपक्ष त्यांच्याविरुद्ध मिळेल ते गोळा करत होता, त्याने हाताशी असता तर हा आरोप सोडला नसता.

मग संशयाची सावली पडली कुठे, हे कळते ते एका घरगुती पुस्तकातून. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आल्या. आगीच्या वेळी रमाबाई सतरा वर्षांच्या. लिहिताना मध्ये तीन दशके लोटलेली. तारखांसाठी हे पुस्तक वापरताना हात आखडता घ्यावा, पण प्रसंगांसाठी त्यासारखे दुसरे साधन नाही. त्यांचे पती माधवराव, म्हणजे पुढचे न्यायमूर्ती रानडे, तेव्हा नाशकास न्यायाधीश होते आणि मेच्या सुट्टीत दोघे पुण्यास आले होते. त्या सुट्टीतच वाडे जळाले आणि त्या सुट्टीतच माधवरावांना धुळ्याला रुजू होण्याचा हुकूम आला. धुळ्यास त्यांच्या टपालावर नजर होती. वासुदेव बळवंताच्या नावाने पत्रे येऊ लागली. माधवराव ती पाकिटासकट पोलिसांकडे पाठवून देत. डॉ. पोलन नावाचे गोरे अधिकारी त्यांच्याबरोबर फिरायला येऊ लागले आणि संशय फिटल्यावर पाळतीची गोष्ट त्यांनीच सांगितली. पत्रे बनावट होती, हे उघड आहे. ती कोणी लिहिली, हे आठवणींवरून ठरत नाही. पण ज्याला पकडायचे, त्याच्या पेटीत आमिष टाकून पाहण्याची रीत पोलिसांना नवी नव्हती.

रमाबाईंच्या कथनाला दुसरीकडून टेकू मिळतो. गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांनी जुलै १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांना लिहिलेल्या पत्रांत कोकणस्थ ब्राह्मणांच्या महत्त्वाकांक्षेबद्दलची धास्ती लपत नाही. वरच्याचे मन असे असेल, तर खालच्या अंमलदाराला वेगळ्या हुकमाची गरज नसते. बदलीचा हुकूम आणि आग यांचा संबंध लेखी सापडत नाही. दोन्ही एकाच सुट्टीत घडले, एवढे निश्चित.

शेवटी दोषी ठरला तो बंडखोर नव्हे, सरकारी पुस्तकभांडाराशी संबंधित नोकर कृष्णाजी नारायण रानडे. आडनाव तेच! न्यायमूर्तींशी त्याचे नाते जोडणारा कागद माझ्या पाहण्यात नाही, पण त्या दिवसांत आडनावानेही काम केले असेल. हिशेबातली अफरातफर झाकण्यासाठी त्याने आग लावली, असे कारण सांगितले जाते. बुधवारवाड्यापुरते ते पटते. भांडारासकट वह्या गेल्या की तपासणार काय?

पण विश्रामबाग? तिथे भांडार नव्हते. अफरातफरीचे कारण या दुसऱ्या आगीपाशी लटके पडते. माझा तर्क असा, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा, की दुसरा वाडा पहिल्याच्या आडोशासाठी पेटवला गेला. एक वाडा जळाला तर चौकशी त्या वाड्यातल्या नोकरांची होते. पेशव्यांचे दोन वाडे एकाच रात्री जळाले तर चौकशी बंडाची होते. फडक्यांच्या धामधुमीत हा हिशेब मांडायला फार मोठी बुद्धी नको होती, आणि काही आठवडे तो बरोबरही आला. हा तर्क टिकतो की पडतो, ते साक्षीदारांच्या जबान्यांवरून ठरेल: विश्रामबागेत त्या रात्री पहिला धूर कोणाला दिसला आणि बुधवारातल्या आरोळीच्या आधी की नंतर. शोधणाऱ्याने मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या न्याय खात्याच्या १८७९ च्या खंडांपासून सुरुवात करावी.